हिशेबनीस काका

सकाळी सहाला वसईच्या सुरुची बागेत गेलात, तर हिशेबनीस काका भेटतीलच. पन्नाशी उलटलेली, वजन ऐंशी किलो, पायात मुलाने घेऊन दिलेले महागडे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.

कॉलेजचा एखादा पोरगा घामाघूम होऊन शेजारून पळत गेला की काकांना त्याची दया येते. ‘‘अरे, कशाला जीव काढतोस? पाच किलोमीटर ते पाच किलोमीटर. तू पळ, मी चालतो, कॅलरी सारख्याच. वजन तेवढंच, अंतर तेवढंच. फिजिक्स आहे हे!’’ पोरगा ‘‘हो काका’’ म्हणतो, कारण वाद घालायला दम उरलेला नसतो. काका ती विज्ञानाची कबुली समजतात.

विज्ञान मात्र काकांच्या बाजूचं नाही. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. अंग त्या पायावरून लंबकासारखं पुढे झुलतं आणि पुष्कळशी ऊर्जा पुढच्या पावलाला परत मिळते. पळताना दर पावलाला दोन्ही पाय क्षणभर हवेत. म्हणजे अख्खे ऐंशी किलो उचलायचे, पुढे टाकायचे आणि पुन्हा झेलायचे. इटलीच्या मार्गारियांनी 1963 साली हा खर्च मांडला: पळण्यासाठी दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी. रमतगमत चालायला जवळपास निम्मी. पाच किलोमीटर पळाले असते तर काकांचे चारशे गेले असते. चालले म्हणून दोनशे.

‘‘पण मला तास लागतो, त्याला अर्धाच!’’ हा काकांचा हुकमी एक्का. तोही धरू. नुसतं बसून तासाला ऐंशीएक कॅलरी जातातच. त्या मिळवल्या तरी काका पावणेतीनशेवर, आणि तेवढ्याच वजनाचा पळणारा चारशे चाळीसवर. शिवाय पारनाक्यावर काकांचा एक वडापाव ठरलेला. तो आला की हिशेब शून्यावर.

2011पासून भरणाऱ्या महापालिकेच्या मॅरेथॉनलाही काका हजर असतात. रस्त्याच्या कडेला, सल्ले देत.

खरी गंमत वसई रोड स्टेशनात. चर्चगेट लोकल आत येते, काकांचा डबा पार पुढच्या टोकाला. पळणं तत्त्वात बसत नाही, म्हणून काका कोपरं बाहेर काढून, दात-ओठ खात तुरुतुरु चालतात. ताशी आठ किलोमीटरच्या वर गेलं की चालणंच पळण्यापेक्षा महाग पडतं, त्यामुळे तेवढ्या अंतरात काका कॉलेजच्या पोरालाही मागे टाकतात! फक्त प्लॅटफॉर्म लवकर संपतो. एकूण कमाई वीस-पंचवीस कॅलरी, म्हणजे वडापावचा एक घास.

तुम्हाला भेटलेच काका, तर त्यांना पळायला सांगू नका; गुडघे त्यांचे आहेत. एवढंच सांगा: पाचाऐवजी दहा किलोमीटर चाला आणि येताना पारनाका टाळा. मग बरोबरी झाली म्हणायला हरकत नाही.