नानांचा पवित्रा

डोंबिवली पूर्वेत गोल्फ खेळायचं तर पहिला फटका ठाकुर्लीत पडेल आणि दुसरा मारायला तिकीट काढून जावं लागेल. तरीही आमच्या सोसायटीतले नाना गोल्फ खेळतात. खारघरचं सिडकोचं मैदान ते कुंपणाबाहेरून बघून आले आहेत. बाकी सगळा खेळ गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधोमध.

आधी पाय. दोन पायांत खांद्याइतकं अंतर. नाना ते टेपने मोजतात, आणि दर रविवारी नव्याने मोजतात. मग चेंडूची जागा: ड्रायव्हरने मारायचं तर डाव्या टाचेसमोर, आखूड आयर्नने तर दोन्ही पायांच्या मधे. नानांच्या हातात असते छत्री. ती ड्रायव्हरमध्ये मोडते की आयर्नमध्ये, यात चहा निवतो. मग गुडघे सैल, पाठ ताठ, वाकायचं ते खुब्यातून. हे जमत आलं की करंगळी उभी राहते. हॅरी व्हार्डनच्या पकडीत उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर नुसती टेकते. जॅक निकलस ती डाव्या तर्जनीत अडकवायचा. "तुमचं काय मत?" असं नाना टाकी साफ करायला आलेल्या माणसालाही विचारतात.

खरं म्हणजे काकू त्यांना गच्चीवर पाठवतात ते पापड राखायला. कावळे येतात, निवांत बसतात, पापड नेतात. नानांच्या हातात छत्री असते, पण डावा खांदा अजून रेषेत आलेला नसतो.

२०१९ पासूनच्या नियमांत एका फटक्याला ४० सेकंद पुरेत असं म्हटलंय, हे मी त्यांना एकदा ऐकवलं.

"शिफारस आहे ती," नाना मान वर न करता म्हणाले, "सक्ती नाही."

सकाळी फास्ट लोकलच्या फलाटावर आम्ही सगळेच पवित्रा घेतो. सॅक पोटावर, एक पाय पुढे, नजर दार जिथे थांबेल त्या फरशीवर. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. नाना मात्र तिथेही खुब्यातून वाकून वजन दोन्ही पायांवर सारखं वाटत असतात. गाडी येते आणि मागचे लोक त्यांना उचलून आत नेतात. नानांच्या आयुष्यात शेवटपर्यंत गेलेला स्विंग हा एवढाच, आणि तोही परभारे. ऑफिस ठाण्याला असल्याने उतरायची तयारी ते मुंब्र्यापासून करतात. पाय जुळेपर्यंत घाटकोपर येतं.

आता चेंडूचं. तो नानांनी अजून घेतलेलाच नाही. व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नको, वजन ४५.९३ ग्रॅमहून जास्त नको, आणि दुकानदार मोजून देत नाही. तुमच्यापैकी कुणी खारघरच्या बाजूला जाणार असाल तर एक घेऊन या. घाई मात्र करू नका, करंगळीचं अजून ठरायचंय.