शकुंतलेच्या वेगाने

वजन वाढण्याला वऱ्हाडात ‘तब्येत सुधारणे’ म्हणतात आणि ते कमी होण्याला ‘तब्येत उतरणे’. वजन उतरवण्यातल्या बहुतेक अडचणी या दोन शब्दप्रयोगांत येऊन गेल्या. अमरावतीच्या राजकमल चौकात जुना मित्र भेटला आणि त्याच्या आधी त्याचे पोट भेटले, तर ‘मस्त तब्येत बनवली बे’ अशी दाद मिळते. तोच गृहस्थ वर्षभराने आठ किलो उतरून भेटला की समोरच्याचा आवाज खाली येतो. ‘काहून जी, बिमार होते काय?’

वजन खरोखर जास्त आहे का, हे ठरवण्याची रीत सोपी आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. भारतीय माणसाचे उत्तर २३ च्या वर गेले की वजन जास्त आणि २५ च्या वर गेले की लठ्ठपणा समजतात. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. इकडची चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेहाला लवकर आवतण देते, म्हणून इकडे सवलत कमी. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला हे हिशेब साधारण साडेसहासष्ट आणि बहात्तर किलोवर नेऊन सोडतात. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. माप श्वास सोडून घ्यायचे असते. श्वास ओढून घेतलेले माप फक्त लग्नाच्या फोटोत चालते. ज्यांच्याकडे टेप नाही त्यांच्याकडे पट्टा असतोच, आणि त्यावर मोच्याकडून वेळोवेळी पाडून घेतलेली भोके हा विश्वासार्ह दस्तऐवज असतो.

वजन पुरासारखे येत नाही, अकोल्याच्या मोर्णेतल्या गाळासारखे साचते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. वर्षाला एक किलो वाढायचे, तर ढोबळ हिशेबाने रोज अवघ्या एकवीस कॅलरी जास्त लागतात, म्हणजे चहाच्या चमच्याने अर्धा चमचा तेल. लग्नात ६२ किलोंचा असलेला नवरदेव रौप्यमहोत्सवाला ८७ किलोंचा होतो, तेव्हा त्यात कुठेही अधाशीपणा झालेला नसतो. रोज सकाळी पोह्यांवर तर्री ओतताना पळीत लाल तवंग जरा जास्त आला, एवढेच. बाकी आजोबांच्या ताटातही वरण, भाकर, ठेचा आणि झुणकाच होता. फरक असा की आजोबा दिवसभर वखरामागे चालत. नातवाने ताट तेच ठेवले आणि वावर मक्त्याने दिले.

पंचवीस वर्षांत आलेले पंचवीस दिवसांत जावे, ही अपेक्षा भल्याभल्यांची असते. मानवणारा वेग मात्र आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो एवढाच आहे. अर्ध्या किलोसाठी रोज साधारण साडेपाचशे कॅलरींची तूट पडावी लागते, थोडी ताटातून आणि थोडी पायांतून. पहिले उद्दिष्ट सहा महिन्यांत सध्याच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे ८० किलोंच्या माणसाने चार ते आठ किलो. एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि गुडघे सुस्कारा सोडतात. या वेगाचा नमुना वऱ्हाडाला परका नाही. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी अरुंद रुळांची शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवर चालत होती. मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटर कापायला तिला चार तासांच्या आसपास लागत. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते, असे लोक कौतुकाने सांगत. हसणारे हसत, पण गाडी पोचत असे. आठवड्याला अर्धा किलो हा शकुंतलेचा वेग आहे.

घाई करू नये याला कारणे दोन. पहिले कारण म्हणजे शरीर. चरबी हा शरीराच्या लेखी दुष्काळासाठी भरून ठेवलेला कणगा आहे, आणि कणगा झपाट्याने रिकामा होऊ लागला की ते पहारा बसवते. चरबीतून निघणारे लेप्टिन घटते, पोटातून निघणारे घ्रेलिन वाढते, भूक जोर धरते आणि खर्चाला कात्री लागते. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते, आणि स्वस्थ बसल्या बसल्या त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होते. पहारेकरी सहा वर्षे जागाच होता.

दुसरे कारण नातेवाईक. त्यांची रीत शरीरापेक्षा वेगळी नाही. माणसाने सोमवारपासून भात, पोळी, गोड, तळलेले सगळे बंद केल्याचे जाहीर केले की मंगळवारी मावशी पुरणपोळ्या घेऊन येतात, बुधवारी मेहुण्याकडे पातोड्यांचा रस्सा होतो आणि गुरुवारी शेजारी विचारतात, ‘घरी सगळं ठीक हाय ना भाऊ?’ यावरून एकच नियम निघतो. वजन अशा बेताने उतरवावे, की शरीराला पत्ता लागू नये आणि नातेवाइकांनाही. पुढची सारी कलमे या नियमाची पोटकलमे आहेत.

सुरुवात तेलाच्या बुधलीपासून होते. एका ग्रॅम पिठात किंवा डाळीत चारच्या आत कॅलरी असतात, एका ग्रॅम तेलात नऊ. महिन्याला माणशी अर्धा लिटर तेल पुरते. पाच माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर निम्मी तब्येत त्या डब्याने सुधारलेली असते. फोडणी बंद करण्याचे कारण नाही. फक्त तेल बुधलीने न ओतता चमच्याने मोजून घालावे आणि दर महिन्याला एकेक चमचा कमी करावा. भाजीला तवंग आला पाहिजे असे म्हणणारा घरात एक जण असतोच. त्याला रस्सा गंजातून तळापासून ढवळून वाढावा.

साखरेचेही तसेच. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे आणि सुमारे १६० कॅलरी. ती एकदम सोडणारा माणूस तिसऱ्या दिवशी दुकानात भांडतो. दर पंधरवड्याला कपामागे पाव चमचा कमी केल्यास दोन महिन्यांत निम्मी साखर जाते आणि कुणाशी अबोलाही होत नाही.

भाकरीबद्दल मोठा गैरसमज आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कॅलरी जवळपास सारख्याच असतात. भाकर उपकारक ठरते ती तंतूंमुळे, चावून खावी लागते म्हणून आणि तिला तेल लागत नाही म्हणून. ‘भाकरीनं वजन वाढत नाई’ या भरवशावर तीन भाकरी खाल्ल्या, तर ज्वारीचा त्यात दोष नाही. ताटाची सोपी विभागणी अशी: अर्ध्या ताटात भाजी आणि काकडी-मुळा-टमाटे, पावात भाकर किंवा भात, उरलेल्या पावात घट्ट वरण, उसळ, दही किंवा अंडी. इथे उसळ म्हणजे मटकीची किंवा मुगाची. वऱ्हाडात साबुदाण्यालाही उसळ म्हणतात, आणि नवरात्रात अंबादेवीचे नऊ उपास तिच्यावर केले, तर दसऱ्याला पट्ट्याचे भोक बदलावे लागते. अंबाडीची भाजी, भरीत आणि ताक या गोष्टी या कामी निरुपद्रवी आहेत, भरितावर तेलाची धार नसेल तर.

कचोरी बंद करू नये. बंद केलेली कचोरी स्वप्नात येते. अर्धी खाऊन ठेवण्याचा उपायही फसवा आहे, कारण अर्ध्या कचोरीचे दुःख माणसाला दुसरी अख्खी खायला लावते. आठवड्यातून एक दिवस नेमून, बसून, चवीने, अख्खी खावी. गिला वड्यालाही हेच कलम लागू.

खरी परीक्षा रोडग्यांची. थंडीत वावरात गोवऱ्यांचा आर पडतो, त्यात जाड कणकेचे गोळे भाजले जातात, राख झटकून फोडले जातात आणि तुपात बुडवून पत्रावळीवर येतात. बाजूला वांग्याची भाजी, वर वरण, आणि समोर तुपाची वाटी घेऊन वाकलेला यजमान. ‘तुमी त काईच जेवले नाई. एका दिवसानं काय होते?’ या प्रश्नाला शास्त्रात उत्तर आहे: एका दिवसाने काहीच होत नाही. वर्षात असे किती दिवस येतात ते मोजले म्हणजे होते. लग्ने, बारशी, पुण्यतिथ्या, भंडारे, वास्तू, निवृत्ती आणि निवडणुका धरल्यास तो ‘एक दिवस’ आठवड्यातून दोनदा येतो. ‘नको’ हा शब्द पंगतीत ऐकू जात नाही. रिकामे ताट तिथे अर्ज समजला जातो आणि तो तत्काळ मंजूर होतो. म्हणून अनुभवी माणूस पहिला रोडगा मनापासून खातो, दुसऱ्याचा तुकडा शेवटपर्यंत ताटात राखून ठेवतो आणि हात अखंड चालता ठेवतो. ज्याचा हात थांबला त्याला वाढले जाते.

ताटानंतर पाय. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालणे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, हे प्रमाण जगभर मान्य आहे. दमदार म्हणजे बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये इतपत. अकोल्याला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, त्यामुळे चालणे सकाळी सहाच्या आत उरकावे लागते. अकोल्यात त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा परिसर आहे आणि अमरावतीत छत्री तलावाचा रस्ता. पाच किलोमीटर चालण्याने सत्तर किलोंच्या माणसाच्या अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. परतीच्या वाटेवरची तर्री-पोह्याची एक प्लेट त्या बिनबोभाट परत करते. चालणारे बरेच असून उतरणारे थोडे का, याचे उत्तर पोह्यांच्या गाडीभोवतीच्या गर्दीत मिळते.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा जोर-बैठका किंवा वजने उचलणे हवे. नुसत्या उपासाने उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असू शकतो, आणि कॅलरी जाळण्यात स्नायूंचा वाटा मोठा. या बाबतीत अमरावतीला सबब नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. अमरावतीचा व्यायाम बर्लिनने पाहिला. बऱ्याच अमरावतीकरांनीही तो पाहिलाच आहे, करण्याचे तेवढे बाकी आहे. ज्यांना आखाडा लांब पडतो त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी खराटा दाखवून ठेवला आहे. अर्धा तास अंगण झाडणे हा मध्यम स्वरूपाचा व्यायाम धरला जातो, आणि घरचे त्याला कधीच विरोध करत नाहीत.

झोप हे दुर्लक्षित कलम आहे. रात्री पाच तास झोपणाऱ्याचे घ्रेलिन दुसऱ्या दिवशी वाढते आणि दुपारी चारला फरसाणाचा डबा आपोआप उघडतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी ताट कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारणे भाग आहे. औषध तेवढेच आणि भाकर निम्मी, असे झाले तर साखर एकदम खाली येते.

वजन आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी शौचानंतर, सारख्याच कपड्यांत पाहावे. रोज पाहणारा रोज फसतो. लोणचे आणि पापडाच्या जेवणानंतर अंगात पाणी धरून काटा सकाळी एक किलोने वर जातो, त्यात चरबीचा संबंध नसतो. आकडा वहीत लिहावा आणि घरच्यांना सांगू नये.

चार-सहा महिन्यांनी काटा एका जागी थांबतो. यात यंत्राचा बिघाड नाही. हलक्या शरीराला चालायला-बसायला कमी इंधन लागते, त्यामुळे पहिली तूट आता तूट राहिलेली नसते. गाडी अशी मधल्या स्टेशनात उभी राहिली की बहुतेक उतारू उतरून घरी जातात, आणि घरी गेल्यावर जेवतात. जाणता माणूस महिनाभर आहे ते वजन राखतो, मग अर्धी पोळी कमी किंवा एक किलोमीटर जास्त करतो.

उतरवण्यापेक्षा टिकवणे लांबचे काम आहे. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री या नोंदवहीत किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या हजारो माणसांची नोंद आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या सवयी सारख्या निघाल्या: सकाळची न्याहारी चुकवत नाहीत, आठवड्याला वजन पाहतात, टीव्हीसमोर कमी बसतात आणि रोज तासभर हालचाल करतात, बहुतेक वेळा चालतात. यात एकही नवलाची गोष्ट नाही. त्यात भर म्हणून एक लक्ष्मणरेषा आखावी: ठरलेल्या वजनावर दोन किलो चढले की लगेच मोजका चमचा आणि सकाळची फेरी पुन्हा काटेकोर करायची. दोन किलो परत पाठवणे सोपे असते, बारा झाले की ते घरचेच होतात.

शरीराचा पहारा हळूहळू सैलावतो, पण पूर्ण उठत नाही. नातेवाइकांचा मात्र उठतो. पहिल्या वर्षी ते ‘बिमार होते काय’ विचारतात, दुसऱ्या वर्षी ‘जेवत जा थोडंसंक’ म्हणतात. तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत तीच मावशी शेजारणीला सांगते, ‘याची तब्येत पयलेपासूनच अशी हाय, याच्या अंगाले काई लागतच नाई.’ वजन टिकल्याचा याहून पक्का दाखला नाही. तो मिळाल्यावर ताटातला तुकडा संपवायला हरकत नसते.