आधी जिंका, मग बोला?

सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया

तीर्थरूप नानांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

इकडे सगळे खुशाल. तुमचा निकाल पोचला: खेळाडूनं खेळावं, समाजाला शहाणपण शिकवू नये, आणि ज्याचा संघ हरतो आहे त्यानं तर तोंड फक्त पाणी पिण्यापुरतं उघडावं. नाना, बास्केटबॉलशी तुमचा काडीचाही संबंध नसताना इथल्या निम्म्या प्रेक्षकांचं मत तुम्ही शब्दशः सांगितलंत. समोर बसून तुमच्याशी वाद घालायची आपल्या घरात कुणाची प्राज्ञा नाही. मध्ये सात समुद्र असल्यामुळे थोडं धाडस करतो. माझं म्हणणं असं की हरण्याचा आणि बोलण्याचा काही संबंध नाही. या खेळात हरणं हे पुष्कळदा कचेरीत बसून ठरवलेलं असतं आणि त्याला लोक दूरदृष्टी म्हणतात. बोलणं मात्र खेळाडू स्वतःच्या पोटावर पाय देऊन करतो, आणि त्याला लोक म्हणतात, याचं खेळात लक्ष नाही.

हरण्याबद्दल बोलायचा अधिकार या गावाला आहे. आमचा संघ सॅक्रामेंटो किंग्ज. २००६ नंतर त्यांनी प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, पाहिली ती थेट २०२३ साली. मध्ये सलग १६ हंगाम वनवास. रामाचासुद्धा १४ वर्षांत आटोपला होता. एनबीए या इथल्या बास्केटबॉल लीगच्या इतिहासात इतका लांब वनवास दुसऱ्या कुठल्याच संघाच्या वाट्याला आलेला नाही. संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे जन्मानं मुंबईकर, त्यामुळे इथली मराठी मंडळी हे दुःख निम्मं घरचं समजतात. संघ जिंकला की स्टेडियमवरून आकाशात जांभळ्या प्रकाशाचा झोत सोडायची प्रथा २०२२ च्या हंगामात सुरू झाली. आधी सुरू केली असती तरी विजेचं बिल फारसं आलं नसतं.

आता हरण्यामागचं अर्थशास्त्र. इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. नवे होतकरू खेळाडू दरवर्षी संघांनी आळीपाळीनं निवडायचे, याला ड्राफ्ट म्हणतात, आणि निवडीत पुढचा क्रमांक मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त कुणाला, तर हरणाऱ्यांना. हेतू उदात्त आहे: दुबळ्याला बळ मिळावं. पण नापास होणाऱ्याला शाळेतला सर्वांत चांगला मास्तर मिळणार असेल तर हुशार पोरंही पेपर कोरा ठेवतील, तसं झालं. मुद्दाम हरण्याला इथे टँकिंग म्हणतात. ते रोखायला १९८५ पासून लॉटरी आणली. तरी तळाच्या संघाला पहिल्या क्रमांकाची शक्यता २५ टक्के राहिली, म्हणून २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच १४ टक्के केली. म्हणजे पूर्वी एकाला शेवटचं यायचं असे, आता तिघांना येता येतं.

या शास्त्राचा महामेरू म्हणजे फिलाडेल्फिया. तिथले व्यवस्थापक सॅम हिंकी यांनी चांगले खेळाडू विकून पुढच्या वर्षांच्या निवडी गोळा केल्या. ८२ सामन्यांच्या हंगामात संघ २०१३-१४ मध्ये १९ जिंकला, मग १८, मग १०. शेअरबाजारात असा आलेख दिसला तर माणसं दलालाच्या घरी जातील. फिलाडेल्फियाच्या चाहत्यांनी मात्र 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' अशी घोषणा केली आणि तिचे टीशर्ट घातले. २०१६ मध्ये हिंकींनी १३ पानी पत्र लिहून राजीनामा दिला (माझं पत्र त्याहून आखूड आहे, याची नोंद घ्यावी). त्या तीन हंगामांत ज्या खेळाडूंना दर दोन-तीन दिवसांनी हजारो लोकांपुढे हरायला पाठवलं, त्यांचं लक्ष उडेल, मन खचेल, ही काळजी या चाहत्यांना फारशी पडलेली दिसली नाही.

आणि हरून पदरात काही पडेलच असंही नाही. २०११-१२ चा हंगाम टाळेबंदीमुळे ६६ सामन्यांचा झाला, त्यात शार्लट संघ ७ जिंकला आणि ५९ हरला. जिंकण्याचं एवढं कमी प्रमाण लीगमध्ये कधीच कुणाचं नव्हतं. मालक कोण, तर साक्षात मायकेल जॉर्डन. लॉटरीत पहिला क्रमांक गेला न्यू ऑर्लिन्सला आणि ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा होता तो अँथनी डेव्हिसही तिकडेच गेला. आमचे किंग्ज २०१८ साली २७ जिंकून ५५ हरले, लॉटरीत नशीब फळफळलं, दुसरा क्रमांक मिळाला. त्यांनी मार्विन बॅगली निवडला. पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच गेला, जो आज जगातल्या पहिल्या काही खेळाडूंत मोजला जातो. या गावात अजूनही त्याचं नाव काढलं की माणसं विषय बदलून हवेबद्दल बोलतात.

पण मला तुमच्यापुढे मांडायचा आहे तो त्याच वर्षाचा फेब्रुवारी. डॅलस संघाचे मालक मार्क क्यूबन एका कार्यक्रमात सांगून गेले की यंदा हरण्यातच आपलं हित आहे, असं आपण आपल्या खेळाडूंना बसवून सांगितलं. लीगनं त्यांना सहा लाख डॉलर दंड केला. तेव्हाच्या भावानं जवळजवळ चार कोटी रुपये. दंड हरण्याबद्दल नव्हता, जाहीर बोलण्याबद्दल होता. गंमत पुढे आहे. डॅलस २४ जिंकून ५८ हरलं, पाचवा क्रमांक मिळाला, आणि ड्राफ्टच्या रात्री अदलाबदल करून डॉन्चिच त्यांनीच नेला. चार कोटींत सौदा महाग पडला असं डॅलसमध्ये कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. हा दंड व्हायच्या आदल्याच आठवड्यात लेब्रन जेम्स आणि केव्हिन ड्युरँट हे आघाडीचे खेळाडू राष्ट्राध्यक्षांविषयी चार शब्द बोलले होते, तर फॉक्स न्यूजच्या निवेदिका लॉरा इंग्रॅहम यांनी त्यांना टीव्हीवरून सुनावलं की तोंड बंद ठेवा आणि चेंडू आपटा. नाना, लेब्रन तेव्हा तीन विजेतेपदांचा धनी होता आणि लागोपाठ सात वर्षं अंतिम फेरी खेळला होता. 'आधी जिंका, मग बोला' हा नियम खरा असता तर त्याला निदान तासभर तरी बोलू द्यायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, बोलण्यात जीव गुंतला की खेळ बिघडतोच. पुरावा उलट बाजूला झुकतो. १९६१ साली केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये हॉटेलच्या उपाहारगृहानं कृष्णवर्णीय खेळाडूंना वाढायला नकार दिला, तेव्हा बॉस्टन संघाचा बिल रसेल आणि त्याचे सहकारी प्रदर्शनीय सामना सोडून परतले. त्या हंगामाचं विजेतेपद बॉस्टननंच घेतलं, आणि रसेलच्या १३ हंगामांत एकूण ११. २०१६ मध्ये मिनेसोटा लिंक्स या महिला संघानं पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्यांची नावं असलेले शर्ट घातले. बंदोबस्ताचं जादा काम करणारे चार पोलीस चिडून निघून गेले. संघ त्या वर्षी अंतिम फेरीत आणि पुढच्या वर्षी विजेता. ऑगस्ट २०२० मध्ये केनोशात जेकब ब्लेकवर पोलिसांनी गोळ्या झाडल्यावर मिलवॉकी बक्स बाद फेरीचा सामना खेळायला खोलीबाहेरच आले नाहीत. पुढच्या फेरीत ते मायामीकडून हरले हे मी लपवत नाही, पण पुढल्याच वर्षी विजेतेपद त्यांचं होतं. बोलल्यामुळे संघ जिंकतो असा शोध मी लावत नाही. बोलल्यामुळे हरतो, एवढंच दिसत नाही.

यावर इथला एक तयार आक्षेप असा की ही जिंकणाऱ्यांची चैन आहे, त्यांच्या नोकरीला धक्का लागत नाही. तर क्रेग हॉजेसची गोष्ट घ्या. १९९१ मध्ये विजेत्या शिकागो संघाबरोबर तो व्हाइट हाउसमध्ये आफ्रिकी अंगरखा घालून गेला आणि गरिबांच्या व अल्पसंख्यांच्या प्रश्नांवर राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासाठी पत्र ठेवून आला. पुढच्या वर्षी संघ पुन्हा विजेता झाला आणि हॉजेसला नारळ मिळाला. लांबून टोपलीत चेंडू टाकण्याची स्पर्धा लागोपाठ तीनदा जिंकलेला हा माणूस, पण एनबीएतल्या दुसऱ्या कुठल्याच संघानं त्याला बोलावलं नाही. महमूद अब्दुल-रऊफ डेन्व्हरचा सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता. १९९६ मध्ये राष्ट्रगीताला उभा राहीना म्हणून निलंबित झाला, मग उभं राहून प्रार्थना करण्यावर तडजोड झाली, आणि उन्हाळ्यात डेन्व्हरनं त्याला दुसरीकडे धाडलं. कुठे, हे ओळखाच. सॅक्रामेंटोला! दोन वर्षांत तो लीगबाहेर होता. म्हणजे जिंकलात तरी बोलू नका, गुण केलेत तरी बोलू नका. मग गुणफलकाचं नाव पुढे करण्यात अर्थ काय?

हे अमेरिकेचं खूळ आहे असंही तुम्ही म्हणाल, म्हणून एक दाखला मुंबईचा देतो. पळवणकर बाळू हा त्या काळचा आपला सर्वश्रेष्ठ गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारा. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला जातीपायी मिळालं नाही. त्यावरून त्या काळीही वाद पेटले, आणि १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. तेव्हाही 'क्रिकेटमध्ये हे कशाला?' म्हणणारे होतेच. जिमखान्यात चहाचा कप कुणाला वेगळा मिळतो, हा प्रश्न त्यांच्या मते क्रिकेटचा नव्हता.

हरणाऱ्यांचं काय, हा तुमचा मूळ मुद्दा. अटलांटा ड्रीम हा महिला संघ २०२० मध्ये ७ जिंकला, १५ हरला. संघाच्या सहमालकीण केली लॉफलर या सिनेटरही होत्या आणि खेळाडूंच्या आंदोलनाविरुद्ध जाहीर बोलल्या. खेळाडूंनी भांडण टाळून त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला, राफाएल वॉर्नॉक यांना, मत द्या असं लिहिलेले शर्ट घातले. जानेवारी २०२१ मध्ये वॉर्नॉक निवडून आले, फेब्रुवारीत संघ विकला गेला आणि नव्या मालकांत त्याच संघाची माजी खेळाडू रेनी मॉन्टगोमेरी होती. निवडणूक शर्टांनी जिंकली असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण तळाशी असलेल्या संघाचं कुणी ऐकत नाही, हे तरी आता म्हणता येत नाही.

राहिला तिकिटाचा आक्षेप: पैसे मोजून खेळ बघायला येतो, भाषण ऐकायला नाही. याचं वजन मला मान्य आहे. मार्च २०१८ मध्ये सॅक्रामेंटो पोलिसांनी स्टेफॉन क्लार्क या तरुणाला त्याच्या आजीच्या परसात गोळ्या घातल्या. हातात फक्त मोबाइल होता. निदर्शकांनी स्टेडियमचे दरवाजे अडवले, हजारो तिकीटधारक बाहेरच राहिले, सामना जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. (नेमका तो किंग्जनी जिंकला. प्रेक्षकांनी यातून काय बोध घ्यावा ते त्यांनी ठरवावं.) शेवटी रणदिवे खेळाडूंसह मैदानात उतरून निदर्शकांच्या हक्काच्या बाजूनं बोलले, तिकिटांचे पैसे परत दिले, आणि पुढच्या सामन्यात दोन्ही संघांनी क्लार्कचं नाव असलेले शर्ट घातले. ज्यांची संध्याकाळ बुडाली त्यांचा राग खोटा नव्हता. पण ते स्टेडियम बांधताना गावाच्या तिजोरीतून सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर गेले आहेत. गावाचा पैसा आत चालतो आणि गावाचं दुःख मात्र पार्किंगमध्ये थांबवायचं, हा हिशेब तुमच्यासारख्या जमाखर्च चोख ठेवणाऱ्याला पटायचा नाही.

सर्वांत अवघड आक्षेप तुम्ही काढलाच नाहीत, तो मीच काढतो: हे लोक सोयीचं तेवढंच बोलतात. ४ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना यांच्यात एनबीएचा भारतातला पहिला सामना झाला. त्याच दिवशी ह्यूस्टनचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं एक वाक्य लिहिलं आणि चीनच्या सरकारी वाहिनीनं लीगचे सामने दाखवणं बंद केलं. मग आमचा लेब्रन काय म्हणाला? मोरींना विषयाची पुरती माहिती नव्हती, असं. इथे मी गप्प बसतो, नाना. याचं समर्थन होत नाही. मात्र यातून निघतं ते एवढंच की चीनबद्दलही त्यानं बोलायला हवं होतं. म्हणून केनोशाबद्दलही गप्प बसावं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? पैशासाठी मुद्दाम हरणं आणि पैशासाठी मुद्दाम गप्प बसणं ही सख्खी भावंडं आहेत, आणि चाहते त्यातल्या पहिल्याचे टीशर्ट विकत घेतात.

कोट्यवधी कमावणाऱ्यांनी कसली तक्रार करायची, हा एक मुद्दा तुमच्या पोतडीत अजून शिल्लक असणार. तो पुढच्या पत्रासाठी राखून ठेवावा. पण पाठवण्याआधी रसेलच्या सहकाऱ्यांना लेक्सिंग्टनमध्ये पगार विचारून वाढायचं नाकारलं होतं का, तेवढं पाहून घ्यावं.

सौ. आईस साष्टांग नमस्कार. मुलं बरी आहेत, सून गुडघ्याचं तेल पाठवते आहे.

आपला आज्ञाधारक (हा विषय वगळून)

ता. क. किंग्जचे घरचे सामने तिकडे सकाळी असतात. पाहायचे झाल्यास न्याहारी आधी उरकून घ्यावी, नंतर जात नाही.