किल्लेदार

पुण्यात 'पूर्वीचं राहिलं नाही' म्हणणाऱ्यांची एक जुनी आणि तगडी परंपरा आहे. सवाई गंधर्वला पुढच्या रांगेत बसून नकारार्थी मान हलवणारे, मिसळीचा पहिला घास घेताच मालकाच्या वडिलांची आठवण काढणारे, सिंहगडावर जाऊन मडक्यातल्या दह्याबद्दल हळहळणारे हे लोक आता वयोमानाने कमी होणार, अशी मला काळजी होती. ती मिटली. आमच्या सोसायटीत, बी विंगला, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा वारस तयार झालेला आहे. वय बेचाळीस, नोकरी हिंजवडीला, डावा गुडघा अधूनमधून दुखतो. गाण्यातलं त्याला कळत नाही आणि मिसळ पित्तामुळे बंद आहे. त्याचं म्हणणं एवढंच, की 'कॉल ऑफ ड्यूटी' पूर्वीची राहिली नाही.

ज्यांच्या घरात हे युद्ध पोचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा बंदुकीचा व्हिडिओ गेम. पडद्याच्या खालून एक बंदूक आणि दोन हात वर आलेले दिसतात, ते आपले. बाकी आपण आपल्याला दिसत नाही आणि बेचाळिशीत ते बरंच असतं. २००३ साली दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात झाली आणि २००५पासून दर वर्षी नवा भाग येतो, बहुधा दिवाळीच्या आगेमागे. खाडा नाही. २०२० साली माउलींच्या पादुकासुद्धा एसटीने पंढरपूरला गेल्या, पण 'ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर' नोव्हेंबरात बरोबर हजर. ट्रेलर आला की आमचा माणूस मला लिफ्टमध्ये गाठतो. "संपली ही सिरीज. यंदा घेणार नाही." आणि पहिल्याच रात्री घेतो. का घेतलास, असं विचारलं तर म्हणतो, "वाईट आहे हे घेतल्याशिवाय कसं कळणार?"

ऑनलाइन त्याचं नाव 'किल्लेदार'. स्वतः तो सांगतो, की राजगड-तोरण्याच्या प्रेमापोटी घेतलं. सोबत खेळणाऱ्यांचं मत वेगळं आहे. हा मॅच सुरू झाली की एखाद्या खोलीत शिरतो, कोपरा धरतो, दाराकडे बंदूक रोखतो आणि वेळ संपेपर्यंत हलत नाही. ह्या धंद्यात अशा माणसाला कॅम्पर म्हणतात आणि ती शिवी आहे. किल्लेदार स्वतःसुद्धा ती दिवसातून दहादा देतो. "बघ, बघ, जिन्याखाली बसलाय भित्रा!" हे तो पलंगाखालून सांगत असतो. मी एकदा फरक विचारला. "तो कॅम्पिंग करतोय," तो म्हणाला, "मी पोझिशन धरलीय."

त्याचं शिक्षण कर्वे रोडजवळच्या एका सायबर कॅफेत झालं. इंजिनिअरिंग कॉलेजातही नाव होतं म्हणतात. तासाला वीस रुपये, प्लायवूडचे खण, माऊसच्या पोटातला गोळा काढून मळ खरवडायचा आणि बसायचं. 'काउंटर स्ट्राइक'मध्ये शेजारच्या खणातल्या मित्राला मारायचं आणि त्याची खरी किंकाळी ऐकायची. 'आयजीआय' नावाचा गेम होता, त्यात मोहीम चालू असताना सेव्ह करायची सोयच नव्हती. पाऊण तास सरपटत जावं आणि टॉवरवरच्या पहारेकऱ्याने टिपलं की पुन्हा कुंपणापासून सुरुवात. 'कॉल ऑफ ड्यूटी'चे पहिले भाग मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवरून यायचे, तेव्हा ते विकत घेण्याचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. आता दर वर्षी चार आकडी रक्कम मोजतो ते त्याचं प्रायश्चित्त असावं. तो त्याला कलावंतांना पाठिंबा म्हणतो.

ह्या शिक्षणाचा एक फायदा मात्र उघड दिसतो. जुन्या भागांत आपण मेलो की पडदा अंधारायचा आणि युद्धाबद्दल कुणा थोराचं वचन उमटायचं: चर्चिल, आइनस्टाइन, जनरल पॅटन. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघाला की किल्लेदार उठतो आणि चर्चिलपासून सुरुवात करतो. सेक्रेटरीकाका सर्वांना सांगतात, की ह्या मुलाचं वाचन दांडगं आहे. ते वाचन किती वेळा मरून झालंय हे त्यांना ठाऊक नाही.

सुवर्णकाळ त्याने आखून दिलेला आहे: २००७ ते २००९. त्याआधी तयारी, त्यानंतर ऱ्हास. २००७च्या 'मॉडर्न वॉरफेअर'मध्ये चेर्नोबिलजवळच्या ओसाड प्रिप्यातमधली एक मोहीम आहे. अंगावर गवताचा पोशाख, पुढे मॅकमिलन नावाचा स्कॉटिश कॅप्टन, आणि माळावर आपण पालथे पडलेलो असताना शत्रूची अख्खी तुकडी रणगाड्यांसकट अंगावरून जाते. हलायचं नाही, गोळी झाडायची नाही. ही मोहीम किल्लेदार सांगतो तेव्हा बसून सांगत नाही. हॉलच्या फरशीवर पालथा होतो, हनुवटी टेकवतो, डोळे फक्त फिरवतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "आता... आता टँक." एकदा पाहुण्यांसमोर तो ह्याच अवस्थेत असताना भांडीवाल्या मावशी केर काढायला आल्या. त्यांनी सवयीने त्याच्याभोवतीने झाडू फिरवला. पाहुणे नवे होते, मावशी जुन्या होत्या.

ह्याच काळात त्याने गेममधल्या कॅप्टन प्राइससारखे गालापर्यंत वळणारे कल्ले आणि मिशा राखल्या. आई म्हणाली, "कुठल्या नाटकात काम मिळालं का रे?" दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं साफ. 'मॉडर्न वॉरफेअर'च्या २०११मधल्या तिसऱ्या भागात जखमी साथीदाराला घेऊन प्राइस थेट हिमाचल प्रदेशात येतो, तेव्हा मात्र अभिमान आणि राग एकदमच आले. "एवढा भारतात आला," तो अजून म्हणतो, "आणि वरच्या वरच गेला."

मग ऱ्हास. २०१६ साली 'इन्फिनिट वॉरफेअर'ने लढाई अंतराळात नेली. त्या ट्रेलरला यूट्यूबवर लाखो लोकांनी नापसंतीचा अंगठा दिला. त्यात एक अंगठा आमच्या बी विंगचा. पण कंपनीने डाव असा टाकला, की २००७चा तोच गेम नव्याने रंगरंगोटी करून ह्या अंतराळाच्या महागड्या पेटीबरोबरच द्यायचा. किल्लेदाराने मुकाट्याने महागडी पेटी घेतली. अंतराळ उघडलंच नाही म्हणतो. ते पूर्ण झाल्याची नोंद त्याच्या खात्यावर दिसते, पण मी विषय काढत नाही.

नावांचा घोळ तर वेगळाच. 'मॉडर्न वॉरफेअर टू' २००९ साली आला आणि २०२२ साली पुन्हा आला. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं तसं. "हा तर तुझ्याकडे होता," बायको म्हणाली. हा वेगळा, असं त्याने सांगितलं. "ह्यातही तोच मिशीवाला आहे," ती म्हणाली. ह्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

हरण्याची कारणं मात्र त्याच्याकडे भरपूर असतात. वाय-फाय, पिंग, मुलाचं यूट्यूब, गुरुवारची गेलेली लाइट. अलीकडे एक मोठं कारण सापडलंय: गेम तुमची पातळी मोजतो आणि तोडीस तोड माणसांसमोर बसवतो. म्हणजे जिंकला तर हात चांगला, हरला तर अल्गोरिदम. समोर कोण असतं, तर आवाज न फुटलेली मुलं. एकदा हेडफोनमधून इंदूरकडचा एक चिमुरडा म्हणाला, "अंकल, आप रहने दो, पीछे बैठो." हा अपमान त्याने आठवडाभर मनाला लावून घेतला. मागे बसला मात्र लगेच.

त्याचा स्वतःचा मुलगा ह्या वारशापासून दूर आहे. तो फोनवर पंधरा मिनिटं काहीतरी खेळतो आणि क्लासला जातो. "बाबा, एका गेमला एवढी जागा?" त्याने विचारलं होतं. २०१९चा 'मॉडर्न वॉरफेअर' वाढत वाढत दोनशे जीबीच्या पुढे गेला, तेव्हा जागा करण्यासाठी महाबळेश्वरच्या सहलीचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर गेले. तो पेनड्राइव्ह कुठे आहे, हा घरातला नाजूक विषय आहे.

२०२५च्या नोव्हेंबरात 'ब्लॅक ऑप्स सेव्हन' आला तेव्हा मला रविवारी सकाळी बोलावणं आलं. लबाड खेळाडूंना आळा म्हणून ह्या भागाने कॉम्प्युटरला टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट घातलेली. शनिवार त्यात गेलेला. गोष्ट २०३५ सालातली. सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच किल्लेदार खुर्चीतून उठला. "मेनेंडेझ? ह्याला मी मारलाय! २०१२ला! स्वतःच्या हाताने!" मारला होता खराच, पण शत्रू फार दिवस मेलेला ठेवणं कंपनीला परवडत नाही.

तेवढ्यात बेल वाजली. इस्त्रीवाला. त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरातून आई: "अरे, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद कर. माझे हात पिठाचे आहेत."

"आई, थांबवता येत नाही!"

"गॅस?"

"गेम!"

"मग कुकर थांबतो होय?"

आणि खरंच थांबवता येत नव्हता. ह्या भागाची कथा चौघांनी मिळून खेळण्यासाठी रचलेली. एकट्याने खेळा, तरी इंटरनेट अखंड चालू हवं आणि मधे थांबण्याचं बटणच नाही. किल्लेदाराने गॅस बंद केला, शर्ट मोजून घेतले, एक शर्ट शेजाऱ्यांचा निघाला म्हणून परत दिला, सुट्टे शोधले. येऊन पाहतो तो गेमने त्याला बाहेर काढलेलं. कारण: बराच वेळ हालचाल नाही. मोहीम पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यभर कोपऱ्यात न हलता बसलेल्या माणसाला ह्या कारणावरून हाकलावं, ह्यात मला एक न्याय दिसला, पण त्याचा चेहरा बघून बोललो नाही.

एवढंच म्हणालो, "आयजीआयमध्येही सेव्ह नव्हतं की."

"ती कसोटी होती," तो म्हणाला. "हा माज आहे."

मग त्याने तासभर सविस्तर सांगितलं, की मालकी बदलली तिथेच सगळं बिघडलं. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हाच त्याने मला लिफ्टमध्ये सांगितलं होतं वगैरे. बिघाड त्याच्याच हिशेबाने २००९ला सुरू झाला होता, पण रसिकाला तारखा विचारू नयेत. बोलता बोलता त्याने मोहीम पुन्हा सुरू केली होती आणि चेहऱ्यावर ती जुनी, समाधानी नाराजी परत आली होती.

बायको बँकेत आहे आणि घरखर्चाची वही तिची. मुलाने शाळेत फटाकेमुक्त दिवाळीची शपथ घेतल्याला बरीच वर्षं झाली. घरात साधी लवंगी माळ येत नाही. तरी दर वर्षी दिवाळीच्या खर्चात उटणं, फराळ, आकाशकंदील ह्यांच्या खाली 'फटाके' अशी नोंद असते आणि पुढे चार आकडी रक्कम. सासूबाईंच्या एकदा ते नजरेला पडलं. "अगं, एवढे फटाके उडवले कोणी?"

"उडवतात ना रोज, आई. रात्री अकरानंतर," ती म्हणाली. "आवाज हेडफोनमध्ये होतो, म्हणून तुम्हाला कळत नाही."