रेफरी व्हा! रविवारी रात्री नऊ ते दहा

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘मॅचला एक न्यूट्रल माणूस हवाय’ असा मेसेज पडला, आणि तुम्ही भलत्याच मेसेजला द्यायचा अंगठा चुकून त्याला दिलात. अभिनंदन! तुम्ही आता रेफरी आहात. शिक्षण, अनुभव, दृष्टी असलं काही लागत नाही. गुडघ्याचं निमित्त करून खेळायचं थांबलेला माणूस एवढी पात्रता पुण्यातल्या कुठल्याही टर्फवर चालते. पुढचं मी सांगतो.

१. आधी नियम वाचून घ्या. पत्र्याच्या शेडखाली, जाळीच्या पिंजऱ्यात पाच-पाच जण जे खेळतात, त्याचं मूळ घराणं फुटसालचं. १९३० साली उरुग्वेच्या मोंतेव्हिदेओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या एका शिक्षकाने तो खेळ बसवला. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, बॉल थांबला की घड्याळही थांबणार, दोन्ही बाजूंना एकेक रेफरी, बाहेर तिसरा, शिवाय वेळ बघायला स्वतंत्र माणूस. तुमच्या टर्फवर या चौघांचं काम तुम्ही आणि तुमचा मोबाइल मिळून करणार आहात. मोबाइल चार्ज करून न्या.

२. फुटसालमध्ये ऑफसाइड नसतो. हे ज्ञान स्वतःजवळ ठेवा. दर तीन मिनिटांनी कोणीतरी दोन्ही हात वर करून ‘ऑफसाइड!’ ओरडेल. ‘नसतो हो’ म्हणालात, तर ‘मग तुम्ही कशाला आहात?’ हा प्रश्न येईल, आणि त्याला आजवर कोणाकडे उत्तर सापडलेलं नाही. त्यापेक्षा गंभीर चेहरा करून ‘लाइनमध्ये होता’ म्हणा. कुठली लाइन, हे कोणी विचारत नाही.

३. किक-इन असो की कॉर्नर, बॉल चार सेकंदांत खेळायचा. रेफरीने हात वर करून बोटांवर मोजायचं. तुम्ही चौथ्या बोटाशी पोचाल तेव्हा आपला खेळाडू बुटाची नाडी बांधत असेल, किंवा घरून आलेल्या फोनवर ‘दूध घेऊन येतो’ सांगत असेल. मोजणं सोडू नका. मी एकदा दुसऱ्या हातावर गेलो होतो.

४. बॉल छताला लागला तर समोरच्या टीमला किक-इन. वरच्या जाळीत अडकला तर बांबू. बांबू टर्फवाल्या पोराकडे असतो. पोरगं जेवायला गेलेलं असतं.

५. आता फाउल. या विषयात सवडीने मुरावं लागतं. जो किंचाळत तीन कोलांट्या खातो त्याला काही झालेलं नसतं; त्याला उठायला वेळ द्या, तो व्हिडिओ चालू आहे का ते बघतोय. ज्याला खरंच लागलंय तो गप्प असतो. वय बेचाळीस, घोटा धरून बसलेला, उद्या ऑफिसचे जिने कसे चढायचे याचा हिशेब करत असलेला. त्याच्यासाठी शिट्टी वाजवा. समोरचे म्हणतील, ‘अहो, तो ओरडलासुद्धा नाही!’

नियम असाही आहे की एका हाफमध्ये टीमचा सहावा फाउल झाला, की समोरच्यांना दहा मीटरवरून भिंतीशिवाय किक. म्हणजे फाउल मोजायला हवेत. अनुभवी रेफरी पाचापर्यंत नीट मोजतो. त्यानंतर त्याच्या डोळ्यांत काहीतरी जातं.

६. हाकेवरून हवामान ओळखायला शिका. ‘सर’ म्हणजे निर्णय त्यांच्या बाजूने गेलाय. ‘काका’ म्हणजे विरोधात. ‘अहो, चष्मा आणलाय ना?’ म्हणजे पेनल्टी. नुसतं ‘ए’ ऐकू आलं तर गेटकडे पाठ करून उभे राहू नका.

७. कार्ड. ही कल्पना केन अ‍ॅस्टन या इंग्लिश रेफरीला लंडनच्या ट्रॅफिक सिग्नलवर थांबलेला असताना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून ती वापरात आली. लंडनमध्ये सुचली ते बरंच झालं. आपल्याकडे पिवळा दिसला की माणूस अ‍ॅक्सिलरेटर पिळतो, आणि लाल दिसला की मामा कुठे उभे आहेत ते बघतो. टर्फवरही नेमकं हेच होतं.

लाल कार्डाबद्दल माझा सल्ला विचाराल तर ते खिशातच असू द्या. पुस्तकात सोपं आहे: खेळाडू बाहेर, दोन मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा आत. पण हा खेळाडू तुमच्याच विंगमध्ये राहतो. रात्री सव्वादहाला तुम्ही दोघं एकाच लिफ्टमध्ये असणार आहात, आणि तुमचा मजला सातवा. त्यातून फॉरवर्डला सोसायटीचे चेअरमन खेळत असतील, तर त्यांच्या हाताला लागलेला बॉल छातीला लागला होता. पार्किंगचं वाटप पुढच्या महिन्यात आहे.

८. नऊ अठ्ठावन्न ही खरी परीक्षा. पुढची बॅच गेट उघडून आत येऊन स्ट्रेचिंग करू लागते. त्यातला एक जण कॉर्नरपाशीच वॉर्मअप करतो आणि चालू मॅचमध्ये एक सुंदर पासही देतो. अशा वेळी कोणीतरी विचारतं, ‘स्कोअर काय?’ एक टीम म्हणते सात-सहा, दुसरी म्हणते सात-सात. तुम्ही लिहून ठेवला होता, पण मोबाइल मघाशीच बंद पडला. (सांगितलं होतं.) घाबरू नका. छाती पुढे काढून जाहीर करा: ‘पुढचा गोल करेल तो जिंकला.’ रात्रीतला हा तुमचा एकमेव निर्णय, जो सगळे मान्य करतील. अगदी सात-सहावालेसुद्धा.

दहाच्या ठोक्याला दिवे जातात. अंधारात बॉल जाळीवर आदळल्याचा आवाज येतो आणि दोन्ही टोकांकडून एकदमच ‘गोऽऽल!’ शिट्टी वाजवा. का ते सांगू नका.

९. मानधन. मॅचनंतर सगळे टपरीवर जमतात, तुम्हाला हक्काने शिव्या देतात आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहा पितात. तुम्हालाही कटिंग मिळेल. घरी पोचून मोबाइल चार्जिंगला लावलात की ग्रुपवर हिशेब आलेला दिसेल: टर्फचं भाडं, भागिले अकरा.