हद्द शाईनं, बाकी पेन्सिलीनं

सरकारला सध्या विद्यापीठांचा भारीच लळा लागला आहे. घरच्या नव्हे, परगावच्या. जून 2025 मध्ये मुंबईत थाटाचा सोहळा झाला आणि अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइनवाली संस्था अशा पाच जणांच्या हाती इरादापत्रं पडली. नवी मुंबईच्या विमानतळाजवळ सिडकोच्या 250 एकरांवर एज्युसिटी होणार. त्याआधी फेब्रुवारीत नवी मुंबईतच 300 एकरांच्या इनोव्हेशन सिटीची घोषणा होऊन गेलेली. बेरीज 550 एकर. सटाण्याचा माणूस एकराच्याच भाषेत विचार करतो, त्यामुळे आमचे कान लगेच टवकारले.

इरादापत्र म्हणजे सुपारी फुटण्याआधीची बोलणी. मुलाकडचे चहा-पोहे खाऊन गेले, ‘कळवतो’ म्हणाले. आपल्याकडे मात्र तेवढ्यावर मांडववाल्याला इसार दिला जातो.

तर चावडीवर प्रश्न निघाला, ‘आठे काय शे?’ म्हणजे आमच्या बागलाण तालुक्याच्या वाट्याला काय? काही नाही, हे उत्तर ठाऊक असूनही विचारायचा प्रश्न आहे तो. एक जण म्हणाला, बरंच झालं. हा माणूस जमिनीच्या सौद्यांत असतो, म्हणून त्याचं ऐकायचं. त्याच्या मते असल्या आराखड्यात एकच गोष्ट शाईनं काढलेली असते, ती म्हणजे हद्द. आत प्रयोगशाळा कुठे, वसतिगृह कुठे, पाणी कुठून, मास्तर कोण, हे सगळं पेन्सिलीनं. सरकार बदललं की खोडरबर निघतं, पण हद्दीची रेघ काही पुसली जात नाही.

हे नुसतं चावडीवरचं शहाणपण नाही. त्याच विमानतळाच्या आजूबाजूला जानेवारी 2013 मध्ये ‘नैना’ ही सिडकोच्या नियोजनाची हद्द अधिसूचित झाली. रायगडातल्या गावांना सांगितलं गेलं की जमीन योजनेत घाला, 40 टक्के विकसित भूखंड परत घ्या. अधिसूचना निघाली त्या दिवसापासून घरावर माडी चढवायची तरी सिडकोच्या दारात जायचं. रेघ लगेच लागू झाली. रस्ते, गटारं आणि भूखंडांचे ताबे यांची वाट पाहण्यात शाळेतली पोरं बाप झाली, आणि आता त्याच टापूत परदेशी विद्यापीठांच्या पायघड्या.

लांब कशाला जायचं, नाशिक आहेच. अंबडला एमआयडीसीनं आयटी पार्कची इमारत बांधली. इमारत आली, आयटी काही आलं नाही. वर्षानुवर्षं ती रिकामी पडून राहिली. मग स्मार्ट सिटीवाल्यांनी मखमलाबाद-हनुमानवाडीच्या 700 हून अधिक एकर मळ्यांवर हरित शहर रेखाटलं. ज्यांचे मळे होते ते उभे ठाकले आणि योजना अडकली. मग आडगावला आयटी हबची हवा झाली. नाशिकच्या तरुणांनी तोवर पुण्याची एसटी पकडलेली होती, शिवशाही असली तर शिवशाही.

असल्या प्रत्येक भाषणात बॉस्टनचं नाव येतंच. एमआयटीच्या दाराशी केंडल स्क्वेअर, औषध कंपन्यांची पंढरी, तसं आपल्याकडे करू. करा की. पण केंडल स्क्वेअरची कथा पुरती सांगायचं कुणी मनावर घेत नाही. 1960 च्या दशकात तिथले कारखाने हलवून नासाच्या इलेक्ट्रॉनिक्स केंद्रासाठी जागा मोकळी केली. 1970 मध्ये नासानं ते केंद्रच बंद केलं. हद्द शाईनं आखलेली होती, तिच्या आतला बराच भाग मग कित्येक वर्षं ओसाड पडला. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्यांचा आराखडा जिथे पाण्यात गेला, तिथे आमच्या सल्लागार कंपन्यांच्या रंगीत चित्रांची काय कथा.

मग तिथे गाडी रुळावर आली कशी? एका कारणाबद्दल फार बोललं जात नाही. जनुकांवरच्या प्रयोगांची भीती पसरली तेव्हा केंडल स्क्वेअर ज्या गावात आहे त्या केंब्रिजच्या नगरपालिकेनं एक समिती नेमली, आणि तीत शास्त्रज्ञांऐवजी गावातली साधी माणसं बसवली. त्यांनी महिनोन्‌महिने ऐकून घेतलं, प्रश्न विचारले आणि अटी घालून प्रयोगांना हो म्हटलं. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला. काय चालेल आणि काय नाही हे कंपन्यांना एकदा स्पष्ट कळलं, मग त्या आल्या. म्हणजे तिथे शाईनं लिहिले गेले ते नियम. आपल्याकडे समितीत गावकरी बसवायचा म्हटलं तर पहिला प्रश्न निघेल, त्याच्या जेवणाचं बिल कोणत्या शीर्षाखाली घालायचं?

विशेष म्हणजे एमआयटी नाशिकला येऊन गेलेली आहे, आणि एक गुंठाही न मागता. नाशिकचेच रमेश रासकर एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक. 2015 च्या सिंहस्थाआधी त्यांनी ‘कुंभथॉन’ काढलं: गावातली पोरं, डॉक्टर, उद्योजक, पोलीस एका खोलीत बसवायचे आणि कुंभातली खरी अडचण समोर ठेवायची. 2003 च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली होती. ती आठवण डोक्यात ठेवून नाशिकच्या एका शाळकरी मुलानं चटई बनवली. तिच्यात दाबाचे सेन्सर; पाऊल पडलं की मोजणी. कोणत्या वाटेनं किती माणसं गेली ते तिथल्या तिथे कळायचं. 2015 च्या कुंभात ती वापरली गेली. पुढे टीसीएसनं नाशिकमध्ये ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे नवकल्पनांचं केंद्र थाटलं, तेही याच चळवळीतून.

त्या चटईला भूमिपूजन लागलं नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच ती भाषणांत येत नाही. नारळ फोडायला जागाच नाही.

आता आमच्याकडचा एक नमुना. द्राक्षाची गोड्या बहाराची छाटणी महाराष्ट्रात साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि सगळ्यांचा माल मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम बाजारात येऊन भाव पाडतो. बागलाणच्या शेतकऱ्यानं छाटणी अलीकडे ओढली ती थेट जून-जुलैत. भर पावसात. फुलोऱ्यात पाऊस झाला की डावणी येते, घडांची कूज होते, रात्री बारालाही फवारणीचा ट्रॅक्टर काढावा लागतो. पण साधला डाव तर नाताळच्या आधी गाडी भरते, व्यापारी बागेत येऊन शिवारसौदा करतो, आणि इतरांचे मणी अजून वाटाण्याएवढे असताना आमची पेटी आखातात पोचलेली असते. हा जुगार आहे हे मान्य. पण तो खेळला गेला तो कोणत्याही इनोव्हेशन सिटीत नाही. बांधावर, उधारीच्या औषधांवर आणि बायकोच्या गळ्यातल्या पोतीवर.

या माणसाला विद्यापीठ नको आहे असं नाही. उलट फार हवं आहे. डाळिंबावर तेल्या आला तेव्हा इथे बागाच्या बागा मुळासकट काढल्या गेल्या, आणि उत्तरासाठी राहुरी, सोलापूरच्या वाऱ्या झाल्या. कोणी चार वर्षं इथे मुक्काम ठोकून माती, पाणी, पानं तपासणार असेल तर त्याला घरचं जेवण मिळेल. पण तपासायला माणूस लागतो, आणि तिथेच घोडं अडतं.

आमचं विद्यापीठ म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, 1949 चं. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे त्याच्या पदरात. 1990 मध्ये जळगाव-धुळ्याला वेगळं विद्यापीठ मिळालं तेव्हा बोली, नाती, बाजार सगळं खानदेशाशी जुळणारं बागलाण पुण्याच्याच खात्यात राहिलं. ते असो. या विद्यापीठाचा राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात 2024 मध्ये 23 वा नंबर होता, 2025 मध्ये 56 वा. कारणांत सगळ्यात वर नाव प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांचं. खुर्ची आहे, टेबल आहे, दारावर पाटीसुद्धा आहे, फक्त माणूस नाही.

माणूस आमच्याकडे आहे. ओळखीतला एक सेट झालेला, पीएचडी झालेला तरुण तासिका तत्त्वावर शिकवतो. सकाळी दोन तास घेतो, तासांचं बिल भरतो, ते कधी निघेल ते देवाला ठाऊक, आणि दुपारी भावाच्या खताच्या दुकानात बसतो. दुकानात जास्त शिकवणं होतं, असं तोच म्हणतो. शेतकरी करपलेलं पान घेऊन येतात, हा भिंग लावून पाहतो. पाच विद्यापीठांना पत्रं देताना असल्या माणसाला एक साधं नेमणूकपत्र टाइप करायला कुणाला सवड झाली असती, तर एका पानाचा खर्च होता.

आधी काम आणि मग कागद, हा उलटा क्रमही सटाण्याला ठाऊक आहे. 1870-71 च्या दुष्काळात इथले मामलेदार यशवंत महादेव भोसेकर यांनी खजिना उघडून 1 लाख 27 हजार रुपये भुकेल्यांना वाटले. वरून मंजुरी यायची वाट पाहिली नाही. गावानं त्यांना देवमामलेदार केलं, आरम नदीकाठी मंदिर बांधलं, दर मार्गशीर्षात त्यांची यात्रा भरते. यात्रेत पुढारी येतात, दर्शन घेतात, पाळण्यांमधून वाट काढत गाडीत बसतात आणि व्यवहार्यता अहवालाची निविदा काढायला मुंबईला जातात. जाताना विंचूर-प्रकाशा महामार्गावर सटाण्यातच अडकतात, कारण वळणरस्त्याची मागणी आमच्याकडे अजून मागणीच आहे.

तेव्हा अ‍ॅबर्डीन, यॉर्क आणि मंडळींना आमचा एक प्रस्ताव. नवी मुंबईतली पेन्सिल शाईपर्यंत पोचेस्तोवर तुम्ही मोकळेच असाल. उन्हाळ कांदा चाळीत भरला की पावसाळ्यात सडतो, कोंब फुटतात, वजन घटतं. भाव यायच्या आत मालच निम्मा. यावर टिकेल असं काही काढा, शोधनिबंध तुमचा, कांदा आमचा. दिवाळीनंतर चाळी रिकाम्या असतात, हवा खेळती आहे, शेजारी विहीर आहे, भिंग लावणारा मास्तरही तासाच्या दरानं मिळेल. इरादापत्र नको. भाडं आगाऊ, आणि रोख.