विनातिकीट सत्ताधारी

भारतीय रेल्वेच्या लेखी पाच वर्षांखालील मूल जागा व्यापत नाही, म्हणून त्याला तिकीट लागत नाही. प्रत्यक्षात शयनयानात, म्हणजे रात्री झोपण्यासाठी एकावर एक बर्थ बसवलेल्या डब्यात, तेच मूल आडवे पसरून अख्खा बर्थ बळकावते आणि रीतसर आरक्षण केलेली आई कडेला लटकते. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपेची अधिकृत वेळ असली, तरी या फुकट्या प्रवाशाला (आणि बहुधा चहावाल्यालाही) तसे कोणी कळवलेले नसते. २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये प्रायोगिक ‘बेबी बर्थ’, म्हणजे खालच्या बर्थच्या कडेला जोडलेली घडीची छोटी फळी, बसवण्यात आला. त्यावर बाळच झोपेल हे गृहीतक मांडणाऱ्यांनी दुपटी, दुधाची बाटली आणि वडिलांचा चष्मा हे अन्य इच्छुक विचारात घेतले नसावेत.